दुकानातली तूट आणि पगाराची तारीख

आमचं दुकान पूर्व नागपुरात. सासऱ्यांनी सुरू केलेला साधा किराणा: लाकडी काउंटर, मागे फळ्या, खाली धान्याच्या कोठ्या. करोनानंतर आम्ही काउंटर काढलं, रॅक लावले, दाराशी टोपल्या ठेवल्या आणि पाटीवर 'मार्ट' लिहिलं. गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातानं माल घेऊ दिला की विक्री वाढते, असं सगळे डिस्ट्रिब्युटर सांगत होते आणि ते खरंही निघालं. हाताशी आलेला माल बिलाशिवायही जातो, एवढं सांगायचं तेवढं ते विसरले.

पहिली पूर्ण स्टॉकमोजणी मे महिन्यात केली, कारण नागपूरच्या मेमध्ये दुपारी एक ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. कूलरसमोर बसून मी आणि नवरा एकेक रॅक मोजत होतो. कॉम्प्युटर एक आकडा सांगत होता, रॅक दुसरा. शंभराच्या विक्रीमागे दीड-पावणेदोन रुपयांची तूट. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. पण साखर-तेलावर आम्हाला शंभरामागे दोन-तीन रुपये सुटतात. म्हणजे त्या कमाईच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त रकमेचा माल दारातून चालत बाहेर जात होता.

आकड्यापेक्षा मला ती यादी जास्त बोलकी वाटली. डिओ, दाढीची पाती, चॉकलेटं, काजू-बदामाची पाव किलोची पाकिटं, सॅनिटरी पॅड, बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे. हे एका माणसाचं काम नव्हतं आणि एका कारणाचंही नव्हतं. बाळाचा डबा उचलणारी बाई आणि डिओ उचलणारा पोट्टा यांना एकाच शिक्क्यानं 'चोर' म्हणून मोकळं होता येतं, पण त्यानं तूट भरून निघत नाही.

आम्ही आधी तेच केलं जे सगळे करतात. कॅमेरे बसवले. एका एजन्सीकडून गार्ड घेतला. तो बिचारा शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून यायचा, बारा तास दाराशी खुर्ची टाकून बसायचा. एजन्सी त्याच्या नावानं आमच्याकडून जे घ्यायची आणि त्याच्या हातात जे पडायचं, यात बरंच अंतर होतं. गल्लीतलं कोणी त्याला ओळखायचं नाही आणि त्यालाही कोणी ओळखू यायचं नाही. टापटीप कपड्यातल्या माणसाला तो सलाम ठोकायचा आणि मागच्या वस्तीतून आलेल्या बाईची पिशवी उघडून पाहायचा. (वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नागपुरात चारशेच्या वर झोपडपट्ट्या आहेत आणि एकदा नाव छापून आलं की तिथल्या पोरांना पत्ता सांगायची चोरी होते.) पुढे कॅमेऱ्यात दिसलं की काजूची पाकिटं आमचे एक जुने, चारचाकीतून येणारे गिऱ्हाईक शर्टाच्या आत सरकवतात. त्यांची पिशवी कोणी कधी तपासली नव्हती.

मग एका संध्याकाळी एक पोरगा रंगेहाथ सापडला. खिशात दोन डिओ. वय एकोणीस-वीस. लोक जमले, दोघा-तिघांचे हात शिवशिवत होते. मी त्याला आत बसवलं आणि नवऱ्याला पोलीस ठाण्यात पाठवलं. तिथल्या हवालदारांनी शांतपणे नवीन कायदा समजावून सांगितला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम 303. चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. "एन.सी. लिहून देतो जी, पन पुढचं तुमाले पाहा लागन," असं ते म्हणाले. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. नवरा चिडून घरी आला. मला मात्र कायदा शहाणा वाटला. दोन डिओंसाठी पोराला आत टाकून माझ्या हाती काय लागणार होतं? तोच पोरगा सहा महिन्यांनी बाहेर, त्याच ओट्यावर, आणि आता डोक्यावर शिक्का.

पोराकडून माल घेतला आणि सोडून दिलं. त्या रात्री जेवताना सासरे, म्हणजे आमचे मामाजी, एम्प्रेस मिलबद्दल बोलले. ते एरवीही बोलतात, पण त्या दिवशी मी नीट ऐकलं. जमशेदजी टाटांची ही मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली आणि 2002 मध्ये कायमची बंद पडली. आज तिच्या जागेवर मॉल आहे आणि त्या मॉलमधल्या दुकानादुकानाच्या दाराशी गार्ड उभा असतो. मामाजींच्या तरुणपणी आमची निम्मी गिऱ्हाइकं मिलकामगार होती. सगळ्यांची नावं उधारीच्या वहीत. "पगार झाला का त्याच सांजेले दुकानात पाय ठेवाले जागा नसे," ते सांगत होते. "बाया यायच्या, वही उघडायच्या, हिशेब चुकता करून नवं पान सुरू करायच्या. तेव्हा का लोक श्रीमंत होते? पन पैसा कव्हा येनार हे मले बी मालूम राहे, त्याइले बी." मिल बंद झाल्यावर त्यांनी वर्षभर वही चालवली. मग एकेक पान बुडत गेलं आणि वही बंद झाली. ज्या घरात पैसा कोणत्या तारखेला येईल हे ठरलेलं नाही, त्या घराला उधार द्यायची दुकानदाराची हिंमत होत नाही. आता तशी घरं रोजंदारीवर, ठेकेदाराच्या लहरीवर चालतात आणि माझ्या रॅकसमोर उभी राहतात.

यातून विचार सुरू झाला. कॅमेऱ्याचे पैसे गेलेच होते. पण गार्ड, डाळ-साखरेची तयार पाकिटं आणि घरपोच माल पोचवणारा बाहेरचा माणूस या तीन गोष्टींवर दरमहा जे जात होतं, त्यात मागच्या वस्तीतली तीन-चार माणसं नीट पगारावर ठेवता येत होती. मी हिशेब मांडला तेव्हा नवरा म्हणाला, करून पाहू. मामाजी म्हणाले, "म्हन्जे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

माणसं शोधायला मी ओळखीनं गेले नाही. ओळखीनं आलेला माणूस ओळखीनंच टिकतो आणि ओळखीनंच खातो, असा आमच्या बाजारातला अनुभव आहे. महापालिकेच्या समाजविकास विभागाकडे वस्तीतल्या महिला बचत गटांची नोंद असते; तिथून वस्तीस्तर संघाच्या, म्हणजे वस्तीतल्या बचत गटांच्या संघाच्या, अध्यक्षताईंचा पत्ता मिळाला. समाजभवनात बैठक होती, तिथे मला पंधरा मिनिटं दिली. मी काम काय, तास किती, पगार किती हे सगळं तयारीनं सांगितलं. रक्कम ऐकून कोणी खूश झालं नाही की नाराजही झालं नाही. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, पगार कोन्या तारखेले भेटते?"

मी म्हटलं, सात तारखेच्या आत. कायदाही तेच सांगतो. तर सगळ्या हसल्या. मग अध्यक्षताईंनी समजावलं. वस्तीतल्या बहुतेक घरांवर फायनान्सवाल्यांची गटकर्जं आहेत. हप्ता आठवड्याचा, वार ठरलेला. एकीचा हप्ता चुकला की सगळ्या गटाला बसवून ठेवतात. ज्या घरात बाई धुणीभांडी करते आणि नवरा मिस्त्रीच्या हाताखाली, तिथे मालकीण 'पुढच्या आठवड्यात देते' म्हणाली किंवा पावसानं बांधकाम थांबलं, की सोमवारच्या हप्त्यासाठी रविवारी रात्री काहीतरी विकावं लागतं किंवा कोणाकडून तरी दामदुपटीनं उचलावं लागतं. "पैसा कमी असला तं चालते," त्या म्हणाल्या, "पन आज येते का उद्या, हे पाहत बसनं नाई जमत." मामाजींची गोष्ट नुकतीच ऐकली होती म्हणून की काय, मला ते लगेच पटलं. पगार महिन्यातून दोनदा करायचा ठरला: सात आणि बावीस. रविवार असो, सण असो, गल्ल्यात पैसे असोत-नसोत, तारीख हलणार नाही. हे सांगायला सोपं आहे. पोळ्याच्या आठवड्यात, सगळा पैसा मालात अडकलेला असताना, मी एकदा सोन्याची चेन गहाण ठेवून बावीस तारीख पाळली आहे.

कागदपत्रांचा भाग लोक फार घाबरून सांगतात, तितका नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना पुरायची. 2025 मध्ये ही मर्यादा वीसवर गेली. किमान वेतनात मूळ पगार असतो आणि वर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. शहरात पूर्ण वेळेच्या अकुशल कामगारासाठी बेरीज बारा हजारांच्या पुढे जाते. अर्धवेळ बायकांना मी त्याच हिशेबानं तास लावले. बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. म्हणून बायकांची पाळी अकरा ते चार, पॅकिंगची. त्या वेळात पोरं अजून शाळेतून परतलेली नसतात, हेही त्यांच्याच सोयीचं निघालं. खरा वेळ गेला बँक खात्यांत. एकीचं आधारवर नाव माहेरचं, दुसरीचा अंगठा मशीन घेईना, तिसरीच्या खात्यात पैसे पडले की जुन्या कर्जापोटी बँकच कापून घ्यायची. शेवटी तिचं दुसऱ्या बँकेत खातं काढलं.

दोघी-तिघींनी तेरा-चौदा वर्षांची पोरं पुढे केली. "शाळेत तसाबी जात नाई." चौदाच्या आतल्याला कामावर ठेवणं गुन्हाच आहे; मी अठराच्या आत कोणालाच घेतलं नाही. त्यावरून थोडी नाराजी झाली, ती आजही थोडी आहे.

एक मुलगी दहावी झालेली, तिला शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे आणि तो फक्त कारखान्यांसाठी आहे असा माझाही समज होता. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला तो ऐच्छिक आहे, दुकानालाही चालतो. स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिना जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार थेट तिच्या खात्यात टाकतं. आता बिलिंग तीच पाहते आणि एक्स्पायरीच्या तारखांवर तिची नजर घारीसारखी असते. बायकांनी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही विचारलं होतं: 2024 ची, बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा, सुरुवातीला सहा महिने, पुढे अकरा. मी त्या वाटेनं गेले नाही. मुदत संपल्यावर त्या पोराला काय सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तारीख पाळायची म्हटल्यावर शेवटची तारीख ठरलेली नोकरी देणं मला जमेना.

आता त्या डिओवाल्या पोराकडे येते. अध्यक्षताईंनी दिलेल्या यादीत तो होता. त्यांचा पुतण्या. मी त्यांना घडलेलं सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. चारित्र्य पडताळणीत त्याच्या नावावर मोबाइलचोरीची एक प्रलंबित केस निघाली. अशा माणसाला कामावर ठेवू नये असा कोणताही कायदा नाही. हा प्रश्न ज्याचा त्यानं सोडवायचा असतो. आम्ही त्याला गल्ल्यावर बसवलं नाही, घरपोच डिलिव्हरीवर घेतलं. मामाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काही आठवड्यांनी मी त्याला सरळ विचारलं, डिओ काहून उचलत होता रे? घरी कोणी एवढं लावतं का? तो आधी हसला, मग म्हणाला, "लावाले नाई ना ताई. विकल्या जाते." वस्तीच्या तोंडाशी पानटपरी आहे. तिथे अर्ध्या किमतीत डिओ, पाती, चॉकलेटं घेतली जातात आणि छापील किमतीपेक्षा थोडं कमी घेऊन पुढे विकली जातात. घेणाऱ्याला माल कुठून आला हे ठाऊक असतं आणि तो विचारत नाही. म्हणजे माझ्या दुकानातल्या उचलेगिरीला आमच्याच गल्लीत गिऱ्हाईक होतं. कॅमेऱ्याच्या इतक्या तासांच्या फुटेजमध्ये हे कुठेही दिसलं नव्हतं.

टपरीवाल्याची तक्रार करता आली असती. चोरीचा माल घेणंही गुन्हाच. पण टपरी बंद झाली तर दुसरी उघडेल, आणि त्या टपरीवर एक घर चालतं. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, तुला लागतो तो माल मी होलसेल दरात देते, बिलासकट; छोटी पाकिटं, सॅशे, दहा-वीस रुपयांचे डिओ. सुरुवातीचा माल पंधरा दिवसांच्या उधारीवर. त्यानं बराच वेळ सुपारी कातरत विचार केला आणि विचारलं, "बिल काहून पाह्यजे?" मी म्हटलं, उद्या कोणी आलं तर तुझ्या मालाला बाप असेल. ते त्याला आवडलं. केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेत त्याला पहिलं दहा हजारांचं कर्ज आधीच मिळालेलं होतं आणि फिटत आलं होतं, त्यामुळे पैसे बुडवेल असं वाटलं नाही. आता दर मंगळवारी तो माल उचलतो. डिओची तूट तिथे जवळजवळ थांबली. सगळ्या खटाटोपात एवढ्या कमी पैशात झालेलं दुसरं काम मला आठवत नाही.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं कोणी समजू नये. पॅकिंगमधल्या एका मावशींनी तेलाचं एक पाकीट बिलाशिवाय पिशवीत घातलं. पोरीनं बिलिंगवरून पाहिलं आणि मला येऊन सांगितलं, तेव्हा तिचा आवाज कापत होता, कारण मावशी तिच्या शेजारच्या. मी कायदा पाहिला. बाहेरच्यानं एवढ्याच किमतीचं पाकीट उचललं तर पहिल्या वेळी समाजसेवा. नोकरानं मालकाचा माल चोरला तर कलम 306, सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे नोकरी देऊन मीच त्यांना जास्त कडक कायद्याखाली आणून उभं केलं होतं. हे वाचून बरं वाटलं नाही.

मावशींना बोलावलं. त्या रडल्या नाहीत, गयावया केली नाही. म्हणाल्या, "बावीसले अजून चार दिवस होते. घरी पाहुने आले. लिहून ठेवा म्हनाले लाज वाटली." लिहून ठेवा! मामाजी बाजूला पेपर वाचत होते. उठले, आतल्या कपाटातून एक कोरी लाल वही घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून कामावरच्या प्रत्येकाचं खातं आहे. मर्यादा अर्ध्या पंधरवड्याच्या पगाराची, व्याज नाही, बावीसला किंवा सातला चुकतं. पानं मामाजी स्वतः लिहितात, मोडीसारख्या वळणदार अक्षरात, आणि वसुलीत कोणाची गय करत नाहीत.

तूट आज शंभरामागे सत्तर-ऐंशी पैशांवर आली आहे. पगाराचा खर्च आधीपेक्षा वाढला, गार्डचा वाचला. वजाबाकी केली तर फायदा थोडाच आहे, आणि ज्या महिन्यात सणासुदीचा माल अडकतो त्या महिन्यात तोही नाही. बाळाच्या पावडरचे डबे अजून अधूनमधून जातात. ते काउंटरमागे ठेवा असं सगळे सांगतात. मी ठेवलेले नाहीत. काजू मात्र काउंटरमागे गेले. ते चारचाकीवाले गिऱ्हाईक अजून येतात, काजू मागून घेतात आणि पैसे देताना दर वाढल्याची तक्रार करतात. त्यांच्यासाठी कोणती रोजगार योजना काढावी, हे मला सुचलेलं नाही. दुकानातल्या चोऱ्या गरिबीमुळे होतात असं जे सर्रास बोललं जातं, ते ऐकलं की मला त्यांचा शर्ट आठवतो.

डिओवाला पोरगा गेल्या महिन्यात सोडून गेला. दहा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या एका कंपनीत लागला. हप्त्यावर गाडी घेतली. पैसे माझ्यापेक्षा जास्त मिळतात, दर आठवड्याला हातात येतात. किती येतील ते मात्र आठवडा संपल्यावर कळतं, असं तो परवा वहीतलं जुनं पान चुकतं करायला आला तेव्हा म्हणाला. त्याची केस अजून चालू आहे. तारखेला जावं लागतं, त्या दिवशीची कमाई बुडते. माझ्याकडे असताना तारखेच्या दिवसाचा पगार कापला जायचा नाही, ही आठवण त्यानं काढली आणि परत यायचं मात्र काही बोलला नाही.

त्याच्या जागेवर संध्याकाळी पाच ते दहाच्या पाळीत माणूस हवा आहे. बचत गटाकडून तीन नावं आली आहेत, त्यातलं एक बाईचं आहे आणि तिला स्कूटी येते. साडेनऊनंतरचा अर्धा तास तिच्यासाठी कसा बसवायचा, यावर घरात सध्या चर्चा चालू आहे. मामाजींचं म्हणणं, दुकानच साडेनऊला बंद करा.